लोकवेष, हस्तव्यवसाय आणि शाळेचे फडताळ

वस्तुसंग्रहालय म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ढाली-तलवारी, ताम्रपट, नाणी आणि भग्न मूर्ती उभ्या राहतात. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतूनही मुलांना हीच चित्रे पाहावयास मिळतात. परंतु ज्या काळी एक सरदार तलवार गाजवीत होता, त्याच काळी त्याच मुलखात घोंगडी विणणारे, मडकी घडविणारे, मोटेचे चामडे शिवणारे आणि लुगड्याचा ओचा खोवून खुरपणीला जाणाऱ्या स्त्रिया अशी हजारो माणसे नांदत होती. त्यांच्या अंगावरचे वस्त्र कसे होते आणि त्यांच्या हातातले हत्यार कसे चालत होते, हे सांगणाऱ्या वस्तूही इतिहासाची तितकीच खरी साधने होत. लोकवेष आणि हस्तव्यवसाय यांचे संग्रह याच जाणिवेतून निर्माण झाले. असा संग्रह कसा उभा राहतो, त्यात काय राहून जाते आणि नांदेड-लातूर भागातील खेड्यांतल्या शाळांना त्यात कोणता वाटा उचलता येईल, याचा येथे विचार करावयाचा आहे.

एका भाषाशिक्षकाचा उद्योग

अशा संग्रहांचा मोठा आरंभ ज्याने केला, तो गृहस्थ पेशाने शिक्षक होता, ही गोष्ट शिक्षकवर्गाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्वीडन देशातील आर्तूर हाझेलियस हे भाषेचे अभ्यासक असून शिक्षिका तयार करणाऱ्या विद्यालयात अध्यापन करीत. १८७२ साली दालार्ना प्रांतातून प्रवास करीत असता त्यांच्या असे लक्षात आले, की आगगाडी आणि कारखाने गावोगाव पोहोचताच शेतकऱ्यांचे पिढीजात वेष झपाट्याने मागे पडत आहेत. त्यांनी तेथे एका शेतकरी स्त्रीच्या नेसणीतला लोकरी घागरा विकत घेतला. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८७३ साली, स्टॉकहोम शहरात त्यांचा संग्रह लोकांसाठी खुला झाला. १८९१ साली त्यांनी ‘स्कान्सेन’ या नावाचे उघड्यावरचे संग्रहालय स्थापन केले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतली जुनी घरे उचलून आणून पुन्हा उभारली आणि आत चूल, माग, अंथरूण-पांघरूण सारे मूळच्या जागी मांडले. वस्तू एकटी मांडली की ती मुकी होते, ती जेथे वापरीत त्या घरात मांडली की बोलू लागते, हे तत्त्व त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

पुण्याचा संग्रह

महाराष्ट्रात या जातीचे सर्वांत मोठे कार्य पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांनी केले. त्यांचा जन्म १८९६ चा. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते काव्यलेखनही करीत. सुमारे १९२० पासून त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि पत्नी कमलाबाई यांच्या साथीने तो व्यासंग आयुष्यभर चालविला. त्यांचा एकुलता पुत्र राजा अल्पवयात निवर्तला. त्याच्या स्मरणार्थ या संग्रहाला ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे नाव मिळाले. पुढे केळकरांनी हा सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० साली त्यांना ‘पद्मश्री’ हा सन्मान प्राप्त झाला आणि १९९० साली त्यांचे निधन झाले. संग्रहात सुमारे २० हजार वस्तू असून त्यांपैकी थोड्याच एका वेळी मांडलेल्या असतात.

या संग्रहात काय आहे? अडकित्ते, दिवे, कुलपे, दौती, कुंकवाचे करंडे, फण्या, पाय घासण्याच्या वज्री, शेवयांचे साचे, वाद्ये, बाहुल्या, कोरीव दरवाजे आणि वस्त्रे. राजवाड्यातील मौल्यवान वस्तूंइतकाच मान येथे स्वयंपाकघरातील वस्तूंना मिळालेला आहे. ज्या अज्ञात कारागिराने साध्या अडकित्त्याला मोराचा किंवा घोड्याचा आकार दिला, त्याची ओळख केळकरांना पटली होती. पुण्यातच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचे संग्रहालय असून तेथे महाराष्ट्रातील आदिवासी जमातींची आभूषणे, मुखवटे, वाद्ये व हत्यारे पाहावयास मिळतात. शाळेची सहल पुण्यास गेली तर शनिवारवाड्याबरोबर ही दोन ठिकाणेही अवश्य दाखवावीत.

गरिबाचे वस्त्र मागे का उरत नाही

तथापि, कितीही मोठा संग्रह पाहिला तरी त्यात एक उणीव सहज आढळते. जरीची पैठणी, मखमली अंगरखा, शेला, पगडी यांचे नमुने सापडतात. मात्र रोजगारावर जाणाऱ्या बाईचे रोजचे लुगडे किंवा सालगड्याची बंडी क्वचितच दिसते. ही संग्राहकांची हेळसांड आहे असे समजू नये. याचे कारण त्या वस्त्रांच्या आयुष्यक्रमातच आहे.

श्रीमंताचे वस्त्र सणापुरते अंगावर येते आणि पुन्हा पेटीत जाते, म्हणून ते टिकते. गरिबाचे वस्त्र शेवटच्या धाग्यापर्यंत वापरात असते. लुगडे विरले की दंड घालून ते पुन्हा नेसतात. त्यानंतर त्याच्या धडक्या भागातून मुलीला परकर होतो, तान्ह्याला दुपटे व झबले होते. उरलेल्या पट्ट्या वाकळीच्या थरात जातात. वाकळही फाटली की तिचे चिरगूट पोतेऱ्याला लागते किंवा काकड्याच्या रूपाने जळून जाते. जे वस्त्र असे पूर्णपणे कामी आले, ते संग्रहालयाच्या कपाटापर्यंत पोहोचणार कसे?

हा नियम किती जुना आहे, याचा दाखला लातूरच्या शेजारीच मिळतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवृत्तात, तगर येथून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे नेत असत, असा उल्लेख आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे या व्यापारी गृहस्थांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू चिकाटीने जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज तेथे आहे. मातीच्या मूर्ती, मणी, हस्तिदंती बाहुली असे पुष्कळ काही त्यात आहे. मात्र ज्या कापडामुळे तगरचे नाव समुद्रापार गेले, त्याचा मागमूस राहिलेला नाही. माती व दगड टिकतात, सूत कुजून जाते. नांदेड शहरही एके काळी तलम मलमल व जरीकाठी वस्त्रे यांसाठी निजामाच्या राज्यात नावाजलेले होते. त्या मलमलीचा तुकडा आज किती घरांत निघेल?

म्हणून असा निष्कर्ष निघतो, की सामान्य माणसाच्या वेषाचा व हातकामाचा संग्रह शहरातील मोठ्या संस्थांवर सोपवून चालावयाचे नाही. त्या वस्तू जेथे अखेरच्या वापरात आहेत, तेथेच त्यांची नोंद झाली पाहिजे. खेड्यात असा कायम वावरणारा, लिहिणारा आणि प्रत्येक घराशी मुलांच्या द्वारे जोडलेला माणूस एकच असतो. तो म्हणजे प्राथमिक शिक्षक होय.

या भागातील वेष

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांची मांडणीच अशी आहे, की येथे मराठी, कानडी व तेलुगू मुलखांच्या चालीरीती एकमेकींत मिसळल्या आहेत. लातूरच्या बाजूला वृद्ध स्त्रियांच्या अंगावर आजही इरकली लुगडे दिसते. हे लुगडे कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इळकल गावचे, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले. त्याचे अंग बहुधा सुती व पदर रेशमी असतो. अंगाचे ताणे व पदराचे ताणे मागावरच एकमेकांत फासे घालून जोडतात. तांबड्या पदरावरील पांढऱ्या नक्षीला ‘टोप-तेनी’ म्हणतात. चोळीसाठी लागणारा खण त्याच जिल्ह्यातील गुळेदगुड्डचा. एका आजीच्या नेसणीत शेजारच्या राज्यातील दोन गावांची नावे अशी विणलेली असतात, ही भूगोलाच्या पाठासाठी केवढी सोय आहे! नऊवारी लुगडे म्हणजे किती मीटर, हे गणित तर मुलांना तोंडी घालता येईल. एक वार म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, तेव्हा नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर.

पुरुषांच्या वेषात धोतर, पैरण, बंडी, उपरणे आणि डोक्याला पटका किंवा रुमाल, हा सर्वसाधारण क्रम होता. पटका बांधण्याची रीत गावागणिक व समाजागणिक निराळी असे. ती रीत कपाटात ठेवता येत नाही. ती बांधणाऱ्याच्या हातातच असते. म्हणून बांधण्याच्या पायऱ्या चित्रांनी किंवा भ्रमणध्वनीवरील चित्रफितीने नोंदवून ठेवाव्यात.

किनवट, माहूर, हिमायतनगर, मुखेड अशा तालुक्यांतून बंजारा समाजाचे तांडे आहेत. कमरेला फेटिया, अंगात कांचळी व डोईवर ओढणी असा बंजारा स्त्रीचा पारंपरिक वेष असून त्यावर आरसे, कवड्या व नाणी जडवून रंगीत दोऱ्यांचे भरतकाम केलेले असते. केसांत घुगरी व टोपली, गळ्यात हांसली, हातांत बलिया असे अलंकार असतात, आणि त्यांपैकी घुगरी-टोपली ही विवाहित स्त्रीची खूण मानली जाते. या वस्त्रातील एकेका कवडीमागे मोठा इतिहास आहे. कवडी मराठवाड्याच्या कोणत्याच नदीत सापडत नाही. ती हिंदी महासागरातून, मुख्यत्वे मालदीव बेटांकडून येई. एके काळी देशभर ती सुट्या नाण्याप्रमाणे चालत असे. बंजारा लोक बैलांच्या मोठमोठ्या तांड्यांवर मीठ व धान्य लादून मुलूखभर वाहतूक करीत. रेल्वे व पक्के रस्ते झाल्यावर हा व्यवसाय बुडाला आणि तांडे स्थिरावले. ज्या व्यवसायाने समुद्रकाठच्या वस्तू दख्खनच्या पठारावर पोहोचविल्या, त्याची आठवण फेटियाच्या काठावर शिवलेली राहिली.

किनवट व माहूर भागात गोंड, कोलाम, आंध, प्रधान या जमातींची वस्ती आहे. कोलामांचे बांबूकाम, गोंडांचे दिवाळीच्या सुमारास होणारे दंडारी नृत्य आणि त्यातील ‘गुसाडी’चा मोरपिसांचा मुकुट प्रसिद्ध आहे. नांदेड शहरात तख्त सचखंड श्री हजूर साहिब असल्यामुळे शीख समाजाचा वेष व शस्त्रपरंपरा हाही या जिल्ह्याच्या लोकजीवनाचाच एक भाग आहे. एका जिल्ह्यात वेषांची इतकी विविधता क्वचितच पाहावयास मिळते.

हातांचे व्यवसाय

वेषाच्या मागे व्यवसाय असतो, आणि व्यवसायाच्या मागे त्याची कृती. ती कृती समजल्याखेरीज वस्तूचे मोल मुलांना कळत नाही. घोंगडीचेच उदाहरण घ्यावे. दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरून ती धनुकलीने पिंजतात. घरातील स्त्रिया तिचे सूत काढतात. ताण्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळतात, म्हणजे सुताला ताठरपणा येतो व विणताना ते तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणतात. लोकरीच्या तंतूवर मेणासारखा स्निग्ध अंश असतो, त्यामुळे पाणी तिच्यात चटकन शिरत नाही. म्हणूनच पावसात घोंगडीची खोळ करून गुराखी दिवसभर रानात उभा राहू शके. काळा रंग हा बहुधा मेंढीचाच असतो, त्याला रंगाची गरज नसते. एवढे समजल्यावर ‘टोचते’ म्हणून बाजूला टाकलेली घोंगडी हा मुलांच्या दृष्टीने विज्ञानाचा पाठ होतो.

उदगीर, देवणी, निलंगा या तालुक्यांच्या सीमेला लागूनच बीदर आहे. तेथील बिदरी काम जगप्रसिद्ध आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवितात आणि शेवटी किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर यांच्या द्रावणाने भांडे काळे करतात. त्या मातीत धातू काळा पडतो, चांदी मात्र तशीच चमकत राहते. जुन्या घरांतून बिदरी पानदान किंवा हुक्क्याचे भांडे क्वचित आढळते.

सर्वच व्यवसाय लोपले आहेत असे समजण्याचे कारण नाही. नांदेड येथील मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, आणि त्यासाठी लागणारी खादी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणली जाते. १५ ऑगस्टला शाळेच्या प्रांगणात फडकणाऱ्या ध्वजाचे कापड आपल्याच भागातील हातमागावर विणले जाते, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

याखेरीज प्रत्येक गावात बुरुडाची सुपे, डाली व कणग्या, कुंभाराचे रांजण व पोळ्याचे मातीचे बैल, अंबाडीची व घायपाताची दोरखंडे, शिंदीच्या केरसुण्या, सुताराच्या तिफणी व चाडी, बैलांच्या झुली, मोरक्या, घुंगुरमाळा अशा वस्तू होत्या आणि थोड्याफार अजून आहेत. मोट तर विजेच्या पंपाने पार नाहीशी केली. मोट, नाडा, सोंदूर, थारोळे हे शब्द आजच्या पाचवीच्या विद्यार्थ्याला परक्या भाषेतले वाटतात. वस्तूबरोबर शब्दही जातो, हा यातला अधिक मोठा तोटा आहे.

एका पहाटेचा धडा

वस्तू हळूहळू जातात तशा एकाएकीही जातात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत बसविलेल्या जाड दगडी भिंती व मातीची जड माळवदे कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. माणसांच्या हानीपुढे वस्तूंची गणना कोणी करीत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या घरांबरोबर पेटीतली लग्नातली लुगडी, उतरंडी, कणग्या, जाती, देवघरातले टाक असे एका संपूर्ण लोकजीवनाचे साहित्य मातीखाली गेले, आणि त्याची यादी कोणाजवळही नव्हती. नव्या गावठाणांत जन्मलेल्या मुलांना माळवद, तुळई, पेव, सोपा या शब्दांचा अर्थ विचारला तर ती गोंधळतात. त्या गावांतील पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीपुरुषांना मात्र जुन्या घराचा कोपरान् कोपरा आठवतो. तेथील शिक्षकांनी मुलांकडून ‘आमचे जुने घर’ असा आराखडा वडीलधाऱ्यांना विचारून काढून घ्यावा. मात्र ज्या घरातील माणसे गेली आहेत, तेथे आपण होऊन विषय काढू नये. कोणी स्वतः सांगू लागले तर शांतपणे ऐकावे आणि परवानगी घेऊनच लिहावे.

शाळेचे फडताळ व नोंदवही

शाळेत संग्रह करावयाचा म्हणजे वेगळी इमारत किंवा निधी हवा, असे नाही. एक बंद होणारे फडताळ व एक जाड नोंदवही एवढ्यावर आरंभ होतो. त्यातही वही अधिक महत्त्वाची. वस्तू नसली तरी नोंद उपयोगी पडते. नोंदीवाचून वस्तू मात्र अडगळ ठरते. प्रत्येक वस्तूसाठी एक पान राखून पुढील गोष्टी लिहाव्यात:

१. अनुक्रमांक व नोंदीची तारीख.
२. वस्तूचे गावातील नाव, जसे बोलतात तसेच. गोरबोली, गोंडी, कानडी, तेलुगू, उर्दू नावही देवनागरीत लिहावे. तांड्यातांड्यांतून उच्चार बदलतो, तो सुधारू नये.
३. वस्तूच्या भागांची नावे, सोबत साधी आकृती.
४. कशाची केली, कोणी केली, कोणत्या गावी किंवा बाजारात घेतली.
५. लांबी, रुंदी, वजन.
६. कोण वापरी, केव्हा वापरी, वापर केव्हा व कशामुळे थांबला.
७. देणाऱ्याने सांगितलेली हकीकत, त्याच्याच शब्दांत.
८. वस्तू भेट मिळाली की पाहण्यापुरती उसनी आणली, आणि परत केल्याची तारीख.

माहिती गोळा करण्याचे काम मुलांकडे द्यावे. “आजी, हे लुगडं कोणत्या बाजारातून आणलं होतं?”, “बाबा, मोटेला किती बैल जुंपायचे?” असे नेमके प्रश्न मुलांना लिहून द्यावेत. ‘जुन्या काळाविषयी सांगा’ असे मोघम विचारले की उत्तरही मोघमच मिळते. जो आजोबा शाळेची पायरी चढण्यास संकोचतो, तो आपल्या हातची तिफण समजावून सांगताना तासभर बोलतो, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी येतो.

पाठ्यविषयांशी या संग्रहाची सांगड सहज बसते. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. हे कोष्टक घोकण्याऐवजी गावातील जुने माप आणून त्यात ज्वारी भरावी व ती वजनकाट्यावर तोलावी. शेजारच्या गावच्या मापात तितकीच ज्वारी मावते का, हेही पाहावे. फरक आढळला, की सर्व देशासाठी एकच मापपद्धती का स्वीकारावी लागली, हे वेगळे शिकवावे लागत नाही. वाकळीच्या एका तुकड्यातील निरनिराळे काठ मोजून ती किती लुगड्यांची झाली, याचा शोध मुले आनंदाने घेतात. गरिबाचे वस्त्र जेथे शेवटी थांबते, ती जागा हीच असल्याने जुनी वाकळ म्हणजे त्या घराच्या वेषांचा संग्रहच होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना राखून स्थानिक कारागिरांच्या हाताखाली शिकण्याची कल्पना मांडलेली आहे. त्या दिवसांना या कामाहून चांगला विषय मिळणे कठीण आहे.

जपणूक

कापडाचे शत्रू चार: ऊन, ओल, धूळ व कीड. वस्त्र भिंतीला खिळे ठोकून टांगू नये, त्याने वीण फाटते. ते धुतलेल्या जुन्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवावे व दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे एकाच रेषेवर ते चिरत नाही. घोंगडीस कसर लागते, म्हणून ती वरचेवर झटकून सावलीत वाऱ्यावर धरावी. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवावा, कापडावर थेट पसरू नये. पितळी व तांब्याची जुनी वस्तू चिंचेने घासून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. त्या घासण्याने नक्षी झिजते. बिदरी वस्तूस तर घासणे वर्ज्यच समजावे.

काही पथ्ये

पहिले पथ्य असे, की कोणाच्याही घरून वस्तू भिडेने आणू नये. अडलेल्या घरी चांदीची हांसली व पेटीतले लुगडे हीच शिल्लक असते. मौल्यवान वस्तूची केवळ आकृती व माहिती घ्यावी आणि वस्तू घरीच राहू द्यावी. देवकार्यातील वस्तू, उदाहरणार्थ गुसाडीचा मुकुट, मागूच नये.

दुसरे पथ्य कायद्याचे. नांगरताना किंवा खोदताना जुनी नाणी, दागिने सापडल्यास ती शाळेत ठेवता येत नाहीत. दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविण्याचे बंधन १८७८ च्या कायद्याने घातलेले आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पे, नाणी इत्यादींना १९७२ चा पुराणवस्तूंविषयीचा केंद्रीय कायदा लागू होतो. हस्तिदंती बांगड्या, वन्य प्राण्यांची कातडी व शिंगे यांना वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा लागू होत असल्याने त्याही संग्रहात घेऊ नयेत.

तिसरे पथ्य सर्वांत नाजूक आहे. या भागातील बहुतेक हस्तव्यवसाय जातींशी बांधलेले होते, आणि त्या बंधनात कौशल्याइतकाच अपमानही होता. म्हणून ‘हे काम कोणत्या जातीचे’ असा प्रश्न वर्गात विचारू नये आणि कोणत्याही मुलास त्याच्या घराण्याच्या व्यवसायाचे प्रात्यक्षिक करावयास सांगू नये. चामडे कमावणे, दोर वळणे, केरसुणी बांधणे या कृती सर्वच मुलांनी समजून घ्याव्यात व करून पाहाव्यात. ज्याने तो व्यवसाय सोडून शिक्षण घेतले, त्याच्या सोडण्यालाही नोंदवहीत मानाचे स्थान असावे. ‘वापर कशामुळे थांबला’ हा रकाना त्यासाठीच आहे. त्याचप्रमाणे स्नेहसंमेलनात दरवर्षी तांड्यावरील मुलीलाच बंजारा वेष घालून उभे करण्याची प्रथा टाळावी. तो वेष कोणाच्या तरी आईचा रोजचा पोशाख होता किंवा आजही आहे. तो तमाशाचा विषय होऊ नये. त्या मुलीच्या आजीला शाळेत सन्मानाने बोलावून, भरतकामाचा एक टाका सर्व मुलांना शिकवावयास सांगितले, तर समाजाची ओळख अधिक खरी होते.

मोठी संग्रहालये आपले काम करीतच राहतील. परंतु एखाद्या गावात चाड्याला काय म्हणत, वाकळीला कोणता टाका घालीत, पटक्याचा शेव कोणत्या खांद्यावर सोडीत, हे सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. प्रत्येक शाळेने या वर्षी निदान दहा वस्तूंची दहा पाने पूर्ण करावीत. केंद्रातील शाळांनी वर्षअखेर आपल्या वह्या एकमेकींना दाखवाव्यात आणि एकाच वस्तूची निरनिराळ्या गावांतील नावे ताडून पाहावीत. फडताळ रिकामे राहिले तरी चालेल, वही मात्र भरलेली असावी.